ओहोटीच्या रेषा, टेबल नसलेल्या वस्तू

रायगडच्या किनाऱ्याचे चित्र म्हटले की माडांची रांग, भरतीने वेढलेला कुलाबा किल्ला, शिडाची होडी आणि मावळतीचा सूर्य हे ठरलेलेच. दिनदर्शिकांवर, हॉटेलांच्या भिंतींवर, शाळांच्या चित्रकला स्पर्धांत हे चित्र पुन्हा पुन्हा भेटते. त्यातली काही चित्रे खरोखर सुंदर असतात. निसर्गचित्रणाची, विशेषतः जलरंगाची, मराठी परंपरा मोठी आहे आणि तिच्यावर प्रेम करणाऱ्यांपैकीच मी आहे. पण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्यांनी भारतीय चित्रकलेला वेगळी वाट दाखवली, त्यांतल्या दोघांचा या किनाऱ्याशी जन्ममरणाचा संबंध आहे, आणि त्या दोघांची ओळख या ठरलेल्या देखाव्यातून झालेली नाही. प्रभाकर बरवे १६ मार्च १९३६ रोजी नागावला जन्मले. नसरीन मोहमदी १४ मे १९९० रोजी किहीमला वारल्या. नागाव अलिबागच्या दक्षिणेला, किहीम उत्तरेला. मधले अंतर वीसेक किलोमीटरचे.

नसरीन गेल्या त्याच १९९० साली बरव्यांचे ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक मौजेने प्रकाशित केले. हा निव्वळ योगायोग आहे, त्यावर काही इमला बांधायचा नाही. पण समकालीन कलेचा विचार रायगडच्या किनाऱ्यावर उभे राहून करायचा असेल, तर सुरुवात या सालापासून आणि या दोन नावांपासून करावी असे मला वाटते. या दोघांना किनाऱ्याचा देखावा रंगवायचा नव्हता. त्यांनी पाहण्याची एक कडक शिस्त अंगी बाणवली: डोळ्यांपुढचे हळूहळू कमी करत जायचे आणि जे उरेल त्याच्याशी प्रामाणिक राहायचे. समकालीन कलेतले जे जे अवघड वाटते, त्याची किल्ली या शिस्तीत आहे. आणि मराठी वाचकाला ही किल्ली परक्या भाषेतून मागून आणावी लागत नाही. ती मराठीतच लिहिलेली आहे.

आधी थोडे मागे जाऊ. कोलाबा जिल्ह्याचे नाव १ जानेवारी १९८१ पासून रायगड झाले. त्या जुन्या कोलाब्यातले सासवणे गाव मांडवा आणि किहीमच्या मधे आहे. तिथे विनायक पांडुरंग करमरकर जन्मले, १८९१ साली. गावातल्या राममंदिराच्या भिंतीवर या मुलाने काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांच्या नजरेस पडले आणि त्यांच्या मदतीने करमरकर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पोहोचले. पुढे कलकत्ता, लंडन, आणि १९२८ साली पुण्यात उभा राहिलेला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा. सासवण्याच्या घरात आज त्यांचे शिल्पालय आहे. तिथल्या कोळिणी, गुरे, घरातली माणसे पाहताना कळते की हा शिल्पकार गावाकडे पाहुण्याच्या डोळ्यांनी बघत नव्हता. करमरकरांची कला वास्तववादी. माणूस ओळखू आला पाहिजे, घोड्याची शीर दिसली पाहिजे, ही तिची अट. १९६७ साली ते गेले तेव्हा ही अट चित्रकलेने केव्हाच सोडून दिली होती. करमरकर नात्याने बरव्यांचे आजोबा लागत. एकाच कुटुंबात, एकाच किनारपट्टीवर दोन पिढ्यांत कला किती दूर गेली, ते इथे एका दृष्टिक्षेपात दिसते.

बरव्यांचे वडील मुंबईच्या चित्रपट स्टुडिओंत कलाकाम करीत. बरवे १९५९ साली जे. जे.तून बाहेर पडले आणि १९६१ पासून विणकर सेवा केंद्रात नोकरीला लागले. हातमागाच्या कारागिरांना नवी नक्षी, नवी रंगसंगती देण्यासाठी सरकारने काढलेली ही केंद्रे. त्या काळातले कितीतरी चांगले चित्रकार या केंद्रांच्या पगारावर जगले आणि तिथल्या धाग्यांतून शिकले. आपल्या कलेतिहासात या नोकऱ्यांचे ऋण पुरेसे मांडले गेलेले नाही. केंद्राच्या कामासाठी बरवे काही वर्षे काशीला होते. तिथे तांत्रिक प्रतिमांचा त्यांच्यावर प्रभाव पडला. ‘किंग अँड क्वीन ऑफ स्पेड्स’ हे १९६७ चे चित्र त्या काळातले. तंत्रकलेची लाट तेव्हा देशभर होती आणि पुष्कळजण तिच्यातच राहिले. बरवे तिच्यातून बाहेर आले आणि वस्तूंकडे वळले, साध्यासुध्या वस्तूंकडे: पान, फळ, घड्याळ, किल्ली, शंख, छत्री, ढग.

आता एक गोष्ट जवळून पाहू. महाराष्ट्रातली लाखो मुले एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय चित्रकला परीक्षांना बसतात. त्यात वस्तुचित्राचा पेपर असतो. समोर टेबलावर कळशी, दोन फळे, एखादे कापड मांडलेले. मुलाने काय करायचे? बाह्याकार अचूक काढायचा, उजेड कुठून येतो ते पाहायचे, छटा द्यायच्या, आणि मुख्य म्हणजे वस्तूची सावली टेबलावर नीट पाडायची. सावली चुकली की वस्तू हवेत तरंगते आणि गुण जातात. मास्तर पहिली सूचना देतात तीच: वस्तू बसली पाहिजे.

बरवे टेबल काढून टाकतात. फिकट, करड्या-पांढऱ्या पटावर एक पान असते. त्याच्यापासून बरेच अंतर राखून घड्याळाची तबकडी. खाली कुठेतरी डोंगराच्या उताराची आठवण करून देणारी एक रेघ. वस्तू बसलेली नाही, आणि ती पडतही नाही. सावली असलीच तर ती त्या वस्तूची असेल असा भरवसा नाही. रंग वापरला आहे तो एनॅमलचा, दारांना आणि लोखंडी कपाटांना लावतात तो. एनॅमल आपण होऊन पसरतो आणि सपाट बसतो, त्यामुळे कुंचल्याच्या फटकाऱ्यात चित्रकाराचा आवेश दिसण्याची सोय राहत नाही. चित्राला हाताचा ठसा नको, असा तो निर्णय आहे. मग प्रेक्षकापुढे उरतात दोन वस्तू आणि त्यांच्यामधली मोकळी जागा. पानाचा काळ सुकण्याचा, घड्याळाचा काळ काट्यांचा. ते दोन्ही एकाच पटावर आले की मधल्या रिकाम्या जागेलाच काहीतरी होऊ लागते. बरव्यांच्या चित्रातली ती रिकामी जागा मला सगळ्यात भरलेली वाटते. वस्तूंवरून नजर तिथे येते आणि रेंगाळते.

इथे घसरायला सोपे आहे. बरवे नागावचे, म्हणून त्यांच्या चित्रांतल्या वस्तू वाडीतल्या, असे लिहून टाकण्याचा मोह होतो. नागावची वाडी ज्याने पाहिली आहे त्याला माहीत आहे की तिथे वस्तू अशाच सुट्या सुट्या पडलेल्या असतात: सोललेल्या नारळाची सोडणे, रहाटाचा जुना दांडा, झापाचे तुकडे, सुपारीची पडलेली विरी, आणि वरून झिरपणारा उजेड प्रत्येकीला वेगळी करून दाखवतो. पण बरवे घडले मुंबईत. त्यांच्या चित्रांतल्या घड्याळांना आणि किल्ल्यांना वाडीचा पत्ता चिकटवणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. जन्मगावाचा अभिमान ठीक. त्या अभिमानाने चित्राचा अर्थ ठरवायला लागलो की चित्र दिसेनासे होते.

नागावचा खरा हक्क दुसरीकडे आहे, भाषेत. नागावच्या शेजारच्या आक्षीतला शिलालेख मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत गणला जातो. त्याच पट्ट्यात जन्मलेल्या चित्रकाराने आधुनिक चित्र कसे घडते यावर मराठीत पुस्तक लिहिले, आणि भारतीय भाषांत एखाद्या मोठ्या चित्रकाराने स्वतःच्या निर्मितीचा इतका सलग विचार केल्याची उदाहरणे फार नाहीत. कोऱ्या कॅनव्हाससमोर उभे राहिल्यावर काय होते, वस्तूचा आकार कधी होतो, आकार आणि अवकाश एकमेकांना कसे घडवतात, नावाने आणि उपयोगाने ओळखली जाणारी गोष्ट चित्रात आल्यावर त्या दोन्हींपासून कशी सुटते, असे प्रश्न बरवे सावकाश सोडवत जातात. भाषा साधी. परिभाषेचा बडेजाव नाही. ते स्वतःसाठी लिहीत आहेत आणि आपल्याला शेजारी बसू देत आहेत, असे वाचताना वाटत राहते. त्यांच्या वह्याही होत्या. रेखाटने, टिपणे, एखाद्या आकाराची दहा रूपे. या वह्या पाहिल्या की पुस्तक कुठून आले ते समजते.

बरवे ६ डिसेंबर १९९५ रोजी गेले. त्यानंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात ‘इनसाइड द एम्प्टी बॉक्स’ हे त्यांचे मोठे प्रदर्शन जेसल ठक्कर यांनी मांडले. उद्‌घाटनाच्या कार्यक्रमात अमोल पालेकर संग्रहालयाच्या स्थानिक सल्लागार समित्या बरखास्त करण्याविषयी बोलू लागले तेव्हा त्यांना मधेच थांबवण्यात आले. पुढचे कित्येक दिवस वर्तमानपत्रे आणि वाहिन्या त्या अडवलेल्या भाषणाने भरल्या. चर्चा आवश्यकच होती. संग्रहालयात काय दाखवायचे ते कुणी ठरवायचे, हा प्रश्न प्रत्येक चित्रकाराच्या पोटाशी जोडलेला आहे. मला वाईट याचे वाटते की महाराष्ट्रातल्या लाखो लोकांनी बरव्यांचे नाव पहिल्यांदा ऐकले ते त्या आठवड्यात, आणि भिंतीवरची चित्रे मात्र त्या बातम्यांच्या मागे राहिली.

नसरीन मोहमदींची वाट सर्वस्वी निराळी. जन्म १९३७ चा, कराचीचा, बालपण मुंबईत. लंडनच्या सेंट मार्टिन्समध्ये शिक्षण, नंतर शिष्यवृत्तीवर पॅरिस. मधल्या काळात मुंबईच्या भुलाभाई इन्स्टिट्यूटमध्ये गायतोंडे, तैयब मेहता, हुसेन यांच्या सहवासात काम. वडिलांचा व्यवसाय बहारीनला, त्यामुळे वाळवंट आणि आखाताचा समुद्रही डोळ्यांखालून गेलेला. १९७२ पासून बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात त्यांनी शिकवले. आणि किहीमला कुटुंबाचे घर.

त्यांची सुरुवातीची कामे शाईच्या ओलसर डागांची आहेत. झाड, फांदी, पाण्याची कड यांचा भास होतो. सत्तरच्या दशकात भास गळून पडतो आणि रेघा उरतात. कागदावर पेन्सिलीच्या आणि शाईच्या आडव्या-उभ्या बारीक रेघांचे जाळे. वास्तुरचनेच्या नकाशांसाठी वापरतात ती साधने, तसलीच पट्टी, तसलेच पेन. जाळे पहिल्या नजरेला एकसारखे वाटते. जवळ जावे तर एक रेघ दुसरीपेक्षा किंचित दाट, एक मधेच थांबलेली, दोन रेघांतले अंतर डावीकडून उजवीकडे जाताना केसभर वाढत गेलेले. अशा केसभर फरकांतूनच तो कागद हलू लागतो. ऐंशीच्या दशकात जाळेही विरते. तिरक्या रेघा येतात, एखादा कंस, आणि बाकी कागद मोकळा. चित्रांना नावे नाहीत, बहुतेकांवर तारीखही नाही.

याच काळात मज्जासंस्थेच्या आजाराने त्यांच्या हालचालींवरचा ताबा सुटत चालला होता. तरीही कागदावरची रेघ डळमळली नाही. ही हकीकत सांगितली की ऐकणाऱ्याचे डोळे पाणावतात, माझेही पाणावतात. पण ती चित्राच्या आधी सांगू नये असे मी मानतो. रेघ आधी पाहावी. ती पाहून झाल्यावर हा तपशील कळला तर त्या रेघेमागचे कष्ट समजतात. आधी कळला तर आपण रेघेऐवजी आजारच पाहत बसतो.

नसरीन छायाचित्रे काढीत, आणि ती त्यांनी हयातीत प्रदर्शनात कधी मांडली नाहीत. पाणी, वाळू, रस्त्यावरचे पट्टे, फत्तेपूर सिक्रीच्या फरशा, मागावर ताणलेले धागे. त्यांत माणसे जवळजवळ नाहीत. किहीमला ओहोटीच्या वेळी गेलेल्या माणसाला ही छायाचित्रे समजायला वेळ लागत नाही. पाणी मागे हटले की ओल्या काळसर पुळणीवर लाटांच्या कडा एकामागे एक उमटलेल्या राहतात. त्या समांतर असतात आणि नसतातही. खेकड्याने खणलेल्या बिळाभोवती वाळूच्या गोळ्यांची नक्षी. ऊन तिरपे झाले की प्रत्येक कडेला बारीक काळी किनार येते आणि सगळी पुळण आखल्यासारखी दिसते. काही तासांत भरती येऊन ते पुसते. नसरीन यांच्या रेघा म्हणजे ही पुळण असे मी म्हणणार नाही, आणि पेण-उरणकडच्या मिठागरांच्या चौकटीही त्यांच्या जाळ्यांवर लादणार नाही. त्यांच्या नजरेत इस्लामी वास्तुकला होती, वाळवंट होते, संगीत होते, पाश्चात्त्य अमूर्तकला होती. पण इतक्या थोड्या साधनांत इतके सूक्ष्म फरक टिपणारी नजर अशा जागी पुन्हा पुन्हा येत असेल तर तिला इथे खाद्य मिळाले असणारच, एवढे म्हणायला हरकत नसावी.

याच किहीमला १९३० साली सालिम अलींनी सुगरणीच्या घरट्यांसमोर तासन्‌तास बसून नर कसा घरटे अर्धवट विणतो, मादी ते कशी पारखते आणि पसंत पडल्यावरच संसार कसा सुरू होतो याची नोंद केली. त्यांचे ते निरीक्षण पक्षिशास्त्रात मानाचे ठरले. चित्रकलेशी त्याचा थेट संबंध नाही, तरी मला तो इथे सांगावासा वाटतो. एकाच गावात, साठ वर्षांच्या अंतरात, एकाने पक्षी आणि एकीने रेघ अशा चिकाटीने पाहिली की त्या पाहण्यातून नवे ज्ञान तयार झाले.

नसरीन यांच्या हयातीत हे काम थोड्यांनीच ओळखले. त्याला कारणही होते. १९८१ साली मुंबई आणि दिल्लीत ‘प्लेस फॉर पीपल’ हे प्रदर्शन झाले. सुधीर पटवर्धन, गुलाम मोहम्मद शेख, भूपेन खक्कर, नलिनी मलानी, विवान सुंदरम, जोगेन चौधरी यांनी माणूस, गाव, शहर, कामगार यांना चित्रात परत आणले. ते काम फार मोलाचे होते. त्या उत्साहात रिकाम्या कागदावर दोन रेघा ओढणारी बाई किंवा पान आणि घड्याळ समोरासमोर ठेवणारा माणूस कडेला पडला. पुढे वारे फिरले. २००७ मध्ये जर्मनीतल्या कासेलच्या डॉक्युमेंटा प्रदर्शनात नसरीन यांची चित्रे लागली, २०१३ मध्ये दिल्लीच्या किरण नाडर संग्रहालयाने मोठे प्रदर्शन केले, माद्रिदच्या रेइना सोफियात त्यांचा सगळा प्रवास मांडला गेला, आणि मार्च २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने आधुनिक व समकालीन कलेसाठी मेट ब्रॉयर ही नवी शाखा उघडली ती ज्या दोन प्रदर्शनांनी, त्यांतले एक नसरीन यांचे होते.

‘हे आम्हाला कळत नाही’ अशी तक्रार समकालीन कलेविषयी सर्रास होते. ती मी हसण्यावारी नेत नाही. तक्रार करणारा माणूस प्रामाणिक असतो. त्याला चित्रापाशी नेऊन सोडणारे कुणी भेटलेले नसते. चित्रावर लिहिणाऱ्यांनी इंग्रजीतली जड परिभाषा मराठीत जशीच्या तशी आणून ठेवली, त्यानेही अंतर वाढले. वस्तुचित्राच्या पेपरापासून बरव्यांपर्यंत आणि ओहोटीच्या पुळणीपासून नसरीनपर्यंत जाता येते, हे रायगडातल्या चित्रकला शिक्षकाला कळायला वेळ लागणार नाही. तो हे दोन्ही रोज पाहतो.

या दोघांनंतर किनाऱ्यावर बाहेरून माणसे येऊ लागली. दशरथ पटेल हे त्यांतले मोठे नाव. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेचे संस्थापक-सचिव; चित्र, मातीकाम, छायाचित्रण, प्रदर्शनरचना अशा सगळ्या क्षेत्रांत वावरलेले. १९६७ च्या माँट्रियलच्या जागतिक प्रदर्शनात भारताचे दर्शन घडवणारी भव्य पडद्यांची रचना त्यांची. आयुष्याच्या अखेरच्या पर्वात ते अलिबागला पिनाकिन पटेल यांच्या सहवासात राहिले आणि २०१० साली गेले. चोंढीजवळच्या बामणसुरे गावात त्यांच्या कामाचे संग्रहालय आहे. पद्धतशीर शिक्षण घेतलेला माणूस माध्यमांच्या भिंती किती सहज ओलांडतो, ते तिथे दिसते.

बिजॉय जैन यांचा स्टुडिओ मुंबई हा आणखी वेगळा प्रकार. जैन वास्तुरचनाकार, पण त्यांच्या कामाला समकालीन कलेच्या जगात मान आहे. अलिबाग परिसरात त्यांनी सुतार, गवंडी, कारागीर यांची कार्यशाळाच उभी केली. नांदगावच्या नारळाच्या वाडीतले ‘पामायरा हाउस’ २००७ चे: ऐनाच्या लाकडाचा सांगाडा, खाली काळ्या दगडाचे जोते, आणि समोर ताडाच्या खोडातून काढलेल्या पट्ट्यांच्या झडपा, ज्यांतून समुद्राचा वारा आत येतो आणि ऊन तुटून तुटून येते. पाणी वाडीतल्याच विहिरींचे. २०१० च्या व्हेनिस बिएनालेत त्यांनी कार्यशाळेतली हत्यारे, नमुने, लाकडाचे सांधे तसेच नेऊन मांडले, म्हणजे घर होण्याआधी हाताने काय काय केले ते दाखवले. मला हे महत्त्वाचे वाटते. सुताराच्या सांध्याला कलादालनात जागा मिळाली. सुताराच्या नावाला तितकी मिळाली का, हा प्रश्न मात्र अशा प्रत्येक कामाला विचारत राहावा लागेल.

हाताचा विषय निघाला की पेणला जावे लागते. पेण, हमरापूर, जोहे इथल्या कारखान्यांत वर्षभर गणपती घडतात. साच्यातून निघालेली मूर्ती घासून, रंगवून शेवटी आखणीला येते; डोळे आखणारा कारागीर वेगळा असतो आणि त्याचा दर वेगळा. बुबुळाची रेघ किंचित वर गेली की देव रागावलेला दिसतो. नसरीन यांची केसभर फरकाची रेघ ज्याला समजावून सांगायची आहे, त्याला आधी ही आखणी दाखवावी. शाडू की प्लास्टर ऑफ पॅरिस हा वाद केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनंतर न्यायालयांत गेला आणि हजारो घरांच्या पोटाचा झाला. पेणच्या कामाला समकालीन कला म्हणावे का, असे मला विचारले जाते. आखणी करणारा कलावंत आहे यात मला शंका नाही. पण त्याच्या मूर्तीत देव ओळखू यावा लागतो, त्या ओळखीवर तिचे सगळे अवलंबून आहे. बरवे आणि नसरीन यांचे काम जिथे ओळख संपते तिथे सुरू होते. या दोन्ही कामांना एका माळेत ओवून कुणाचाच मान वाढत नाही.

या किनाऱ्याची एक शाखा समुद्रापार गेली आहे. बेने इस्रायली समाजाची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज नवगावजवळ फुटलेल्या जहाजातून या किनाऱ्याला लागले. गावोगाव ते तेलाचे घाणे चालवू लागले, शनिवारी काम बंद ठेवत म्हणून शनिवार तेली म्हणवले गेले, आणि आडनावे घेतली ती गावांची: नवगावकर, पेणकर, रोहेकर, किहीमकर. घरची भाषा मराठी, कीर्तनही मराठी. याच समाजातली सिओना बेंजामिन ही चित्रकार मुंबईत १९६० साली जन्मली, जे. जे.त शिकली आणि आज अमेरिकेत न्यू जर्सीला राहते. लघुचित्रांची भारतीय रीत, यहुदी कथा आणि अमेरिकी चित्रमालिकांचा मोकळेपणा ती एकत्र आणते; ‘फाइंडिंग होम’ या मालिकेत तिने स्वतःला निळ्या कांतीची रंगवले आहे. कुठल्याच देशाच्या कातडीत न मावणारी ही निळी बाई साडी नेसते आणि हिब्रू अक्षरे अंगावर वागवते. फुलब्राइट शिष्यवृत्तीवर २०१०-११ मध्ये भारतात येऊन तिने भारतातल्या यहुदी माणसांची व्यक्तिचित्रे केली. बरवे आणि नसरीन यांनी कमी करत नेले, सिओना भरत जाते. किनाऱ्याची कला एकाच वळणाची असली पाहिजे असा आग्रह धरणाऱ्यांनी तिची चित्रे अवश्य पाहावीत.

आता किनाराच बदलतो आहे. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने वाड्याच्या वाड्या आडव्या केल्या. पोफळीची बाग पुन्हा धरायला किती वर्षे लागतात ते बागायतदाराला विचारावे. १२ जानेवारी २०२४ रोजी २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. जमिनींचे भाव, बंगले, कुंपणे यांच्याबरोबर कलादालनेही आली. १९९७ मध्ये मुंबईत सुरू झालेली ‘द गिल्ड’ ही नामवंत गॅलरी आज मांडवा-अलिबाग रस्त्यावर रांजणपाड्याला आहे. सुधीर पटवर्धन आणि नवज्योत अल्ताफ यांच्यासारख्यांचे काम तिने वर्षानुवर्षे जपले आहे. मुंबईच्या मध्यातली गॅलरी गावाच्या वाटेवर येते ही मला आनंदाची गोष्ट वाटते. पण तिच्या दारातून आत जायला शेजारच्या पाड्यातल्या मुलाला संकोच वाटतो, आणि तो संकोच दूर करण्याचे काम शिक्षकांचे, लेखकांचे आणि गॅलऱ्यांचेही आहे.

ज्यांचा समुद्र आहे त्यांचे स्वतःचे चित्र कसे असेल, याची चुणूक खाडीच्या वरच्या अंगाला दिसते. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातला पराग तांडेल मासळीच्या आकारांतून शिल्पे करतो आणि कदंबरी कोळी यांच्यासह कोळी समाजाच्या वस्तू, आठवणी, पाककृती यांचा संग्रह उभारतो आहे. बुजत चाललेली खाडी, गेलेली मासळी, उरलेली गाणी हे त्याचे साहित्य. रेवस, थळ, वरसोली, मुरूड, दिघी इथल्या कोळीवाड्यांतून असे काम उभे राहावे, ही इच्छा मी इथे उघडपणे नोंदवतो.

त्यासाठी खर्चिक काही लागत नाही. सासवण्याचे शिल्पालय, रांजणपाड्याची गॅलरी आणि बामणसुऱ्याचे संग्रहालय एकाच पट्ट्यात आहेत. परीक्षेला बसणाऱ्या मुलांची एक एसटी एका दिवसात तिन्ही दाखवून आणू शकते. ‘कोरा कॅनव्हास’ जिल्ह्यातल्या प्रत्येक माध्यमिक शाळेच्या ग्रंथालयात असावे. बरव्यांच्या वह्यांच्या प्रतिकृती अलिबागला कायम पाहायला मिळाव्यात.

वाचकाला शेवटी एक व्यवहारातली सूचना. या दोघांची चित्रे छपाईत पुरती येत नाहीत. नसरीन यांच्या फिकट पेन्सिलीच्या रेघा छापताना नाहीशा होतात आणि कागद निव्वळ कोरा वाटतो. बरव्यांच्या एनॅमलची लकाकी मरते आणि पार्श्वभूमीतल्या करड्या छटा एकमेकींत मिसळतात. फोनच्या पडद्यावर तर विचारूच नये. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जहांगीर निकल्सन यांचा संग्रह आहे, त्यात बरव्यांची चित्रे आहेत. नसरीन यांचे मोठे भांडार दिल्लीच्या किरण नाडर संग्रहालयात आहे. मांडव्याहून लाँचने गेटवेला उतरले की पहिले संग्रहालय चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे. आधी फोन करून कोणती चित्रे सध्या लावली आहेत ते विचारावे, आणि गेल्यावर एका चित्रापुढे निदान पंधरा मिनिटे उभे राहावे.